आवाज न करणारा उजेड

३ डिसेंबर १९७४, मंगळवार

आज पुन्हा कंदिलावरच भागवलं. सोजरची पापणी खाली ओढून पाहिली. ती फिकी आहे की कंदीलच पिवळा, देव जाणे. दिवसभर इथं लख्ख ऊन आणि तपासायला माणूस न्हाई. बाया तांबडं फुटायच्या आधी कालव्यावर माती वाहायला जातात, अंधार पडल्यावर परततात. म्हणजे माझा दवाखाना अंधारातच उघडायचा. जालन्याच्या इस्पितळात बसून आमच्या डॉ.बाईंना हे कसं कळावं? जीपमागं दोन चाकांचा पत्र्याचा डबा जोडून दिला, त्यात खाट, स्टो, औषधांची पेटी, सगळं दिलं. दिवा तेवढा जुना कंदील.

एक बरं झालं, नसबंदीच्या भीतीनं डब्याला 'आपरेशनची गाडी' म्हणणं थांबलं. काम जनामावशींचं. मी नर्स, मावशी माझ्या हाताखाली आया आहेत, पण खरं तर वकीलच व्हायच्या. मजुरांच्या झोपड्यांत, प्रत्येक कोपीत जाऊन सांगून आल्या, "आमची बाई कापाकापी करत न्हाई, निस्ती तपासती."

सोजर मंठ्याकडची, म्हणजे माझ्याच तालुक्यातली. सातवा सरत आलाय. घोट्याला बोट दाबलं तर खड्डा पडतो. विचारलं, डोकं दुखतं का? डोळ्यांपुढं अंधारी? आधीचं काही बाळंतपण? सगळ्याला एकच मान, न्हाई. सासू काशाबाई पायरीवर उभी होती.

मला ही पोरगी बरी वाटत न्हाई.

६ डिसेंबर, शुक्रवार

बाबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. घरी असते तर थोरल्या दादांच्या शाळेतली पोरं ओळीनं आली असती. इथं मी आणि मावशी. पाणी आलं डोळ्यांत, उगीचच.

काशाबाई सुनेला घेऊन आली. मेणबत्ती पाहून दारातच थांबली. "आज काय हाय वो बाई?" म्हणलं, आमचे बाबा गेले तो दिवस. "वडील का?" म्हणलं, व्हय, वडीलच. तशी ती सुनेला म्हणाली, "चल माघारी. दुखवट्याच्या दिशी मानसाला तकलीप देऊ न्हाई." मी हाका मारल्या तरी थांबली न्हाई. कडक बाई आहे, पण अगदीच दगड न्हाई.

सोजरचा रक्तदाब आज घ्यायचा होता. राहिला.

९ डिसेंबर, सोमवार

आमचे ड्रायव्हर रज्जाकभाई जीप घेऊन आले. पाणी, गोळ्या आणि एक पेट्रोमॅक्स. "बाई, अब बोलो. शादी का घर बना देता." रस्त्यानं जाळी फाटली होती, दुसरी बांधून पंप मारला. उजेड झकास. पण अर्ध्या तासात डबा तापला, पत्र्यावर भाकरी भाजतील इतका. दार उघडलं तर किडे, लावलं तर रॉकेलचा वास. एका पोटुशा बाईला मळमळून आलं, बिचारी बाहेर पळाली.

आणि ती सूंऽऽ. थांबतच न्हाई. नळी कानाला लावली तरी आत सूंच.

दाब ऐकायचा असतो, बाळाचे ठोके ऐकायचे असतात. तो लाकडी कर्णा पोटाला लावून मी कान टेकते, तेव्हा शेजारी सुई पडली तरी नको असते. मला उजेड पाहिजे, पण मुका पाहिजे. असा दिवा असतो का कुठं, भाईंना विचारलं. म्हणाले, "देखता हूँ."

१२ डिसेंबर, गुरुवार

मुका दिवा मागितला, आला कोण? जनरेटर! वडीगोद्रीत लग्नांना लाऊडस्पीकर लावणारा एकजण आहे, त्याच्याकडचा. वायर आखूड म्हणून डब्याच्या चाकाशीच ठेवला. दोरी ओढली की फटफटफट. मावशी माझ्याकडं पाहून पहिलं वाक्य बोलल्या, "बाई, तुमचे केस पिकून राह्यले की वो." उपकार झाले.

डबा नुसता थरथरतोय, शिश्या एकमेकींवर वाजतात. लहानपणी मंठ्याच्या पीठगिरणीत उभी राहायचे तसं वाटलं. आई दळण घेऊन जायची, मी तिचा पदर धरून. ती आणि शेजारची शांताकाकू एकमेकींच्या कानाला तोंड लावून दळण संपेस्तोवर बोलायच्या. घरी आजीसमोर आई दोन शब्द बोलायची न्हाई. गिरणीतून मात्र हलकी होऊन यायची.

आज बायांची झुंबड. कधी न बोललेल्या बोलल्या. एकीनं कानात ओरडून सांगितलं, पावसाळ्यापासून अंगावरून जातंय. एकीनं पाठीवरचे वळ दाखवले, कुणी मारलं तेही सांगितलं. उजेडाचा गुण आहे. लख्ख दिसायला लागलं की माणूस मोकळं होतं.

पण दाब? एकीचा पण घेता आला न्हाई. नळीत नुसती फटफट. थोडा वेळ बंद करते म्हणलं तर साऱ्या एका सुरात, "नगं नगं बाई, चालू राहू द्या." उजेडाची चटक लागली यांना.

१३ डिसेंबर, शुक्रवार

घसा बसला. मावशींनी हळद-गूळ दिला, वर टोमणा, "मास्तरीण व्हायला पायजे होतं, बोंबलायची सवय लागली असती."

सोजर सगळ्यात शेवटी थांबली. काशाबाई पायरीवर. पोरीनं माझं मुंडकं जवळ ओढलं, कानाला तोंड लावलं. "बाई, तुमाला एक सांगायचं व्हतं. माझं याच्या आधी..." पुढचं मशीननं खाल्लं. म्हणलं, "थांब गं. असं ओरडून कशाला? भाई बिनआवाजाची बॅटरी आणतायत, मग निवांत सांग." मान हलवून गेली.

'याच्या आधी' काय?

१७ डिसेंबर, मंगळवार

मार्गशीर्षाची लग्नं लागली, लाऊडस्पीकरवाला आपलं मशीन घेऊन गेला. ब्याद टळली. आणि भाईंनी शब्द पाळला. ट्रकची बॅटरी, जीपचे दोन बल्ब, हातभर वायर. "ना धुआँ, ना बास, ना आवाज. तीन-चार शाम आरामसे चलेगी. उतरली का वडीगोद्रीला नेऊन भरून आणतो."

वायर जोडली. उजेड पडला आणि आवाज काहीच न्हाई! पातेल्यात पाणी उकळतंय तेवढं ऐकू येतं. कितीतरी दिवसांनी मला माझाच श्वास ऐकू आला. भाईंना चहात दोन चमचे साखर जास्त टाकली.

१८ डिसेंबर, बुधवार

आज खरं काम झालं. सोजरचा दाब १३०/९०. लघवी परीक्षानळीत तापवली, थोडी गढूळ. मनात पाल चुकचुकली. पण बाळाचे ठोके स्वच्छ, मजेत. काशाबाई म्हणाली, "त्या तुतारीत काय ऐकता बाई एवढं?" म्हणलं या, तुम्हीच ऐका. आधी नको नको, मग वाकली. कान टेकला आणि डोळेच मोठे केले. "अगं माय! घड्याळ हाय का काय आत?" बराच वेळ उठेना. सोजर छताकडं पाहत होती.

सासू बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, त्या दिवशी काय सांगत होतीस? आता कसं शांत आहे.

"काय न्हाई बाई. समदं बरंय."

मीठ कमी खा, डाव्या कुशीवर झोप, पाटी उचलू नकोस, असं सांगितलं. पाटी उचलू नको हे कुणाला सांगतेय मी? नवरा खणणार, बायको वाहणार, अशी जोडी धरून मुकादम काम देतो. ही बसली की हिचा नवरा किसनही बसला.

२१ डिसेंबर, शनिवार

काहीतरी बिघडलंय. बाया येतात, बसतात, हात पुढं करतात. दाब घ्या, गोळी द्या. विचारलं तर "बरंय." वळवाली आलीच न्हाई. अंगावरून जाणारी म्हणते, थांबलं आपोआप. चेहरा तर कागदासारखा पांढरा! म्हणलं, खोटं का बोलतेस गं? तिनं खिडकीकडं पाहिलं आणि पदर सारखा केला.

मावशींना विचारलं, मी रागावले का कुणावर? "रागावता तर तुमी रोजच." ते खरं आहे, पण ते कारण न्हाई.

उजेड तोच, बाई तीच. मग काय कमी झालं?

२३ डिसेंबर, सोमवार

लाज आणि राग दोन्ही घेऊन लिहितेय.

दिवेलागणीला पाणी आणायला हंडा घेऊन गेले होते. मावशी डब्यात एकीची पाठ चोळून देत होत्या. परत येताना पाहिलं, खिडकीतून उजेड पडतो तिथं चार गडी पोत्यावर पत्ते खेळत बसलेले. आतून मावशींचा आवाज, हळू बोललेला, पण शब्द न् शब्द बाहेर. "आमच्या बाईला बी नवऱ्यानं टाकलं बघ. लेकरू झालं न्हाई म्हून. कुनाला सांगू नगं." पत्तेवाल्यांपैकी एक म्हणाला, "सोताचंच औशीद लागू पडलं न्हाई म्हना की." सगळे हसले.

टाकलं न्हाई. मी निघून आले. मावशींनी निदान तेवढं तरी बराबर सांगायचं.

कोपऱ्याआड उभी राहिले. हंडा खाली ठेवला. आणि मग दिसलं, पत्तेवाल्यांत सोजरचा किसन. रोज इथंच बसत असणार, खिडकीखाली.

मी मूर्ख बाई! "नगं बाई, चालू राहू द्या." त्यांना उजेड चालू राहायला पाहिजे, असं मी समजले. त्यांना फटफट पाहिजे होती. आईला गिरणी लागायची तशी. मी त्यांच्या बोलण्यावरचा पदर काढून घेतला, वर दिवा लावून सगळ्या कालव्याला ऐकवलं. हे मला कळू नये? गिरणीत आईचा पदर धरून उभी राहिलेल्या मला?

मावशींशी बोलले न्हाई. जेवले पण न्हाई.

२४ डिसेंबर, मंगळवार

भाई पुन्हा बॅटरी भरायला न्यायला आले. म्हणलं, जनरेटर परत आणा. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, उस दिन तो गाली देके भेजे." म्हणलं, हो, आता माफी मागून आणा. डॉ.बाईंचा निरोप तयारच असेल, सुमन, तुला नक्की काय पाहिजे ते एकदा ठरव. काय सांगू? ऐकायला शांतता पाहिजे आणि बोलायला गोंगाट. दोन्ही एकाच डब्यात.

गड्यांना खिडकीखालून हाकललं. दोन कोप्या सोडून बसले. हिवाळ्याच्या हवेत आवाज लांब जातो, तेवढ्यानं काय होतं?

मावशी संध्याकाळी म्हणाल्या, "चुकलं माझं." म्हणलं, चुकलंच. मग दोघी भाकरी खायला बसलो.

२७ डिसेंबर, शुक्रवार (सकाळी जालन्याहून लिहितेय, तारीख कालची म्हणायला पाहिजे)

सगळं नीट लिहून ठेवते.

काल दिवस बुडताना भाई भरलेली बॅटरी आणि जनरेटर घेऊन आले. जुनं, आधीच्यापेक्षा जास्त बोंबलणारं. बाया जमल्या, सोजर न्हाई. काशाबाई म्हणाली, "डोस्कं धरून पडलीय." मी सरळ कोपीत गेले. तोंड सुजलेलं, डोळे बारीक. किसन, काशाबाई, शेजारपाजार सगळे भोवती. विचारलं, काय होतंय? "काय न्हाई बाई." पाहिलं तर डोळ्यांपुढं हात हलवून काजवे हाकलल्यासारखं करत होती.

म्हणलं, हिला मशीनवर तपासावं लागतंय. कुणी काही विचारलं न्हाई. मशीन म्हणलं की लोक गप बसतात.

खाटेवर घेतलं. दिवा बॅटरीचाच लावला. मावशींना म्हणलं, बाहेर जाऊन जनरेटर चालू करा, नुसताच. मावशी थबकल्या, मग समजल्या. डबा थरथरायला लागला. मी तिच्या तोंडाशी कान नेला. म्हणलं, आता सांग बाई. कुणाला ऐकू जात न्हाई, फक्त मला.

तिनं सांगितलं. हे तिचं म्होतूर, दुसरं लग्न. आधीच्या घरी असंच झालं होतं, पाय सुजले, डोकं फुटायला लागलं, आठव्यात आकडी आली. दातखीळ बसली. त्यांनी नाकाला चप्पल लावली, कांदा लावला. लेकरू पोटातच गेलं. मग फेफरंवाली म्हणून माघारी आणून घातली. या घरात कुणाला ठाऊक न्हाई. "कळलं तर ह्ये बी टाकतील बाई. सांगू नका. तुमच्या पाया पडते." माझा दंड धरला होता, अजून दुखतोय.

हे फेफरं न्हाई गं, म्हणलं. ही गरोदरपणाची आकडी, तुझा काही दोष न्हाई. तिला पटलं की न्हाई कोण जाणे.

मग मशीन बंद करवलं. सगळं शांत. नळी लावली. १७०/११०. पुन्हा घेतला, तेवढाच. कर्णा लावला, ठोके आहेत. थोडे मंद, पण आहेत.

बाहेर येऊन सांगितलं, बाळ आडवं आहे, जालन्याला न्यावं लागेल, आत्ताच. आयुष्यात एवढं सरळ तोंडानं खोटं बोलले न्हाई. वाटलं काशाबाई भांडेल, अंगारा आणील, मुकादमाला बोलावील. तिनं एक शब्द विचारला न्हाई. किसनला म्हणाली, "जा तू संगं. जल्दी."

झोपेचं इंजेक्शन दिलं आणि निघालो. आकडी येऊ घातलेल्या बाईला अंधार पाहिजे आणि शांतता. आवाज झाला, उजेड डोळ्यांवर आला की झटका येतो. महिनाभर मी उजेडासाठी जीव काढला, मग आवाजासाठी, आणि आता दोन्ही नको! वर पुनवेजवळचं चांदणं, खाली अंबडच्या रस्त्याची खडी, आणि ती जीप. तिच्या कानात कापूस घातला, डोळ्यांवर माझी शाल बांधली, डोकं मांडीवर घेतलं. भाईंनी जन्मात इतकी हळू गाडी चालवली नसेल. एकदा सुद्धा हॉर्न दिला न्हाई, बैल आडवे आले तरी उतरून हाकलले.

पोचेस्तोवर झटका आला न्हाई. डॉ.बाईंनी दाब पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. "हिला आधी आलेली आहे का?" म्हणलं, हो, बाहेर सांगू नका. त्यांनी किसनकडं एकदा पाहिलं आणि मान हलवली.

२८ डिसेंबर, शनिवार

सोजर अंधाऱ्या खोलीत. दाब थोडा उतरला, पुन्हा चढला. ठोके आहेत. डॉ.बाई म्हणतात, एक-दोन दिवसांत बाळ काढावं लागेल, लवकर आहे, जगेल की न्हाई सांगता येत न्हाई. आई सुद्धा. मला म्हणाल्या, तू परत जा, तिथं बाकीच्या आहेत. मन निघत नव्हतं. निघाले. भाईंनी डब्यापाशी सोडलं आणि तसेच माघारी गेले. खबर घेऊन उद्या येतो म्हणाले.

किसन व्हरांड्यात बसून होता. मला विचारलं, "आडवं असल्यालं सरळ व्हतं का वो बाई?" म्हणलं, होतं कधीकधी. त्याचं तोंड पाहून वाईट वाटलं. हा टाकणारा गडी वाटत न्हाई. पण तसे कोणतेच वाटत नसतात.

३० डिसेंबर, सोमवार

जीप काल यायची होती. आली न्हाई. आज पण दिवस गेला.

बाया येऊन गेल्या. आधी मशीन चालू, त्या बोलतात. मग मशीन बंद, मी ऐकते. अंगावरून जाणारीनं खरं सांगितलं, तिला लोहाच्या गोळ्या आणि जालन्याची चिठ्ठी दिली. वळवाली पण आली.

सगळ्या गेल्यावर काशाबाई. पायरीवर न थांबता आत येऊन खाटेवर बसली. म्हणलं, दुखतंय का काही? "मशीन लावा बाई." म्हणलं, आधी काय होतंय ते... "लावा तर."

मावशींनी दोरी ओढली. काशाबाईनं माझ्या कानाला तोंड लावलं. तंबाखूचा वास. एका हातानं माझा गुडघा धरला.

"तिला आकडी येती ते मला ठाऊक हाय. सोयरिकीच्या आधी तिच्या मायनंच सांगितल्तं, मंठ्याच्या गिरणीत. म्या म्हनलं, असू दे. पोरगी गुनाची हाय. किसनाला सांगितलं न्हाई, त्यो बापावर गेलाय, भितो आन् मंग वंगाळ वागतो. तिला वाटतं कुनालाच ठाऊक न्हाई. जीव मुठीत धरून भाकर खाती माझ्या म्होरं. म्या रोज बघती. पन बोलू कुटं? एक कोपी आन् तिघं मानसं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. बोलून ऐकू गेलं नसतं.

"तुमी जालन्याला जाल तवा तिला सांगा. कानात सांगा. म्हनावं, सासूला ठाऊक हाय. भिऊ नगंस म्हनावं."

उठली, पदरानं तोंड पुसलं, जाताना कर्ण्यावरून बोट फिरवलं आणि गेली.

मावशी दारात. "बाई, पेट्रोल जळून राह्यलं. बंद करू का?"

म्हणलं, करा. जीप आली तर ऐकू यायला पाहिजे.

मशीन बंद केलं. दार उघडंच ठेवलंय.